मला दिसतं, वर्गाला दिसत नाही

गेल्या अंकात मी जाता जाता विचारलं होतं: गणित ज्या पद्धतीने सोडवता, त्याच पद्धतीने शिकवता का? पत्रं आली ती बहुतेक सराव पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकांची, म्हणजे शिक्षक व्हायचं प्रशिक्षण घेणाऱ्यांची, आणि त्यांत प्रश्नांपेक्षा तक्रारी जास्त. चार पत्रं निवडली आहेत. नावं मुद्दाम गाळली, कारण तुमचे निरीक्षकही हे सदर वाचतात.

बाई, मला उत्तर आधी दिसतं, पायऱ्या मागाहून येतात. शाळेत याचं कौतुक व्हायचं. आता निरीक्षणवहीत दर पाठाला एकच शेरा असतो: ‘पायऱ्या गाळल्या.’ परवा (अ + ब)² चा पाठ होता. फळ्यावर चौरस काढला, चार तुकडे केले, दोन मिनिटांत सूत्र मांडलं. मला वाटलं झकास झालं. गृहपाठात अर्ध्या वर्गाने अ² + ब² लिहून आणलं. माझी विचार करायची तऱ्हाच शिक्षकाला न साजणारी आहे का? – एक छात्राध्यापिका

तुझं पत्र वाचताना मला हसू आलं, कारण हाच चौरस मीही काढला होता. माझा तिसरा सराव पाठ. दोन रंगांचे खडू, फुटपट्टीने आखलेल्या रेषा, चारही तुकडे नीट रंगवलेले. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘बाई, ब वजा असेल तर? वजा लांबीची बाजू कशी काढायची?’ मी म्हणाले, ‘ते पुढे येणार आहे.’ पुढे काहीही येणार नव्हतं. मला सुचलं नव्हतं, एवढंच. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी, जी त्या पाठात तोवर एक शब्द बोलली नव्हती, वहीतून वाचून दाखवायला लागली. तिने चित्राकडे बघितलंच नव्हतं. (१० − ३) ला (१० − ३) ने पदवार गुणलं होतं: १०० वजा ३० वजा ३० अधिक ९, म्हणजे ४९. ‘सात साते एकोणपन्नास, बरोबर येतंय,’ म्हणाली आणि खाली बसली.

मी तिला ‘शाब्बास’ म्हणाले खरं, पण मनातून खट्टू झाले. माझं चित्र म्हणजेच ते सूत्र, असं मी धरून चालले होते. त्या मुलीला चित्राची गरजच पडली नाही. रात्री मला सुचलं की वजाचंही चित्र निघतं: १० बाजूचा चौरस घ्यायचा, दोन बाजूंनी ३ रुंदीच्या पट्ट्या काढायच्या. कोपऱ्यातला ९ चा तुकडा दोन्ही पट्ट्यांत मोजला गेला, म्हणजे दोनदा वजा झाला, म्हणून तो एकदा परत द्यायचा. शेवटचा ‘अधिक ९’ का येतो, हे त्या मुलीच्या गुणाकारातून दिसलं नव्हतं. ते या चित्रातून दिसलं. दोघींकडे अर्धं अर्धं होतं म्हण.

रशियन मानसशास्त्रज्ञ क्रुतेत्स्की यांनी गणितात हुशार असलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६८ मध्ये रशियनमध्ये आणि १९७६ मध्ये इंग्रजीत आलं. शब्द-चिन्हांवर भर देऊन विचार करणारी मुलं, चित्रावर भर देणारी मुलं आणि दोन्हींत सहज ये-जा करणारी मुलं, असे तीन प्रकार त्यांनी मांडले. तिन्ही प्रकारांत उत्तम गणिती होते. तेव्हा ‘साजत नाही’ हा शब्द आधी खोडून टाक.

पण गृहपाठ खोटं बोलत नाही. तुझ्या चौरसात तुला चार तुकडे एकदम दिसले, मुलांना नावं असलेले दोनच दिसले: अ चा चौरस, ब चा चौरस. उरलेले दोन आयत त्यांच्या लेखी कडेची मोकळी जागा. तुझी नजर कुठून कुठे गेली, ते तू सांगितलंच नाहीस, कारण तुझ्या मते ती कुठे गेलीच नव्हती. पुढच्या पाठात उलट कर. आधी १३ चा वर्ग विचार, १६९ म्हणतील. मग फळ्यावर १०² + ३² लिही, येतात १०९. ‘मग ६० कुठे गेले?’ असं विचार आणि गप्प राहा. चौरस काढायचा तो यानंतर, आणि त्यात आधी दोनच चौरस रंगवायचे. उरलेली जागा कोणाची, ते त्यांनाच शोधू दे.

गप्प राहणं तुला सगळ्यात जड जाईल. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. ही थांबण्याची वेळ ३ सेकंदांच्या वर नेली, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि निरुत्तर राहणं कमी झालं. ज्याला उत्तर आधी दिसतं त्याला तो एक सेकंदही युगासारखा वाटतो, हे स्वानुभवाने सांगते. मी खडू दोन्ही हातांनी धरून मनात पाचपर्यंत मोजायचे. पाचांची घाईघाईने तीन व्हायची, तरी तीन तर व्हायचे.

मॅडम, मी शिस्तीने शिकवणारा आहे. पाठटाचण पूर्ण, फळ्याचे तीन भाग आखलेले, वेळेत पाठ संपतो. पंचकोनाच्या कोनांची बेरीज शिकवत होतो. एका शिरोबिंदूतून कर्ण काढायचे, तीन त्रिकोण, ३ × १८० = ५४०. एका मुलीने मधेच बिंदू घेऊन पाच त्रिकोण काढले. मी म्हणालो, ‘बरोबर आहे, पण आपल्या पद्धतीने लिही.’ निरीक्षकांनी यावरच गुण कापले. मी तिला चूक तर म्हणालो नव्हतो. – एक छात्राध्यापक

तुमच्या वाक्यातला ‘पण’ महाग पडला.

आधी तुमच्या बाजूने बोलते. मी सराव पाठ बघत मागच्या बाकावर बसत असे, तेव्हा वही उघडून माझ्या शेजारच्या मुलाचं बघायचे: फळ्यावरचं त्याला उतरवता येतंय का? शिस्तीच्या शिक्षकाच्या वर्गात येत असे. कल्पक म्हणून नावाजलेल्या कित्येकांच्या फळ्यावर तास संपता संपता काय उरायचं, ते त्यांचं त्यांनाही वाचता येत नसे. तेव्हा ‘पाठटाचण सोडा, मुक्तपणे शिकवा’ असला सल्ला मी देणार नाही. तुम्हाला तो जमणार नाही आणि मुलांचं नुकसान होईल.

रॉबर्ट स्टर्नबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये एक मांडणी केली. माणूस स्वतःच्या डोक्याचा कारभार कसा चालवतो, हे त्यांनी राज्यकारभाराच्या रूपकातून सांगितलं. कुणाला नियम स्वतः करायला आवडतात, ती वैधानिक शैली. कुणाला आखून दिलेलं चोख पार पाडायला आवडतं, ती कार्यकारी. कुणाला दोन पद्धती शेजारी ठेवून पारख करायला आवडतं, ती न्यायिक. अशा एकूण १३ शैली त्यांच्या यादीत आहेत. एका माणसात अनेक असतात, कामानुसार कमीजास्त होतात, आणि त्यांचा बुद्धीशी संबंध जोडायचा नसतो. आहे ती बुद्धी कशी वापरायला आवडते, एवढाच त्यांचा विषय. तुम्ही पत्रावरून तरी पक्के कार्यकारी दिसता.

स्टर्नबर्ग आणि एलेना ग्रिगोरेन्को यांनी शाळांत केलेल्या अभ्यासात एक गोष्ट सापडली, ती माझ्या मते प्रत्येक निरीक्षणवहीच्या पहिल्या पानावर छापायला हवी. ज्या विद्यार्थ्यांची शैली शिक्षकाच्या शैलीशी जुळते, त्यांना शिक्षक अधिक चांगलं मानतात. आणि आपली मुलं आपल्यासारखाच विचार करतात, असं शिक्षकांना प्रत्यक्षात असतं त्याहून जास्त वाटत असतं. तुमचा ‘पण’ याच जागेतून आला. त्या मुलीची पद्धत तुम्ही तपासलीच नाहीत. उत्तर जुळलं म्हणून पास केलीत, वाट वेगळी म्हणून बाजूला सारलीत.

आता ती वाट बघू. पाच त्रिकोण, ५ × १८० = ९००. मधल्या बिंदूभोवतीचे ३६० पंचकोनाचे नाहीत, ते वजा केले, ५४०. न बाजूंसाठी तुमचं सूत्र (न − २) × १८०, तिचं १८०न − ३६०. तुमचा कंस सोडवा, तिचं सूत्र हाती येतं. भूमितीच्या तासाला कंस सोडवण्याचं कारण इतकं आयतं चालून येत नाही! तुमच्या सूत्रातले ‘दोन’ का वजा होतात, हे बहुतेक मुलं पाठ करतात. तिच्या आकृतीत ते दोन डोळ्यांना दिसतात: मधल्या बिंदूभोवतीचे ३६०, म्हणजे दोन त्रिकोणांचा ऐवज. आणि तुम्हाला तिला अडवायचंच होतं, तर रास्त प्रश्न हा होता: बहुभुजाकृतीचा एखादा कोपरा आत घुसलेला असेल, तर हा बिंदू कुठेही घेऊन चालेल का?

नियमाने चालणाऱ्या शिक्षकाला आणखी एक धोका असतो, तो कोनांपेक्षा समीकरणांत जास्त दिसतो. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’ हा नियम मी किती फळ्यांवर चौकटीत लिहिलेला बघितला, मोजदाद नाही. एका पाठात ३क्ष = १२ हे उदाहरण आलं आणि एका मुलाने उत्तर काढलं, उणे ४. मी त्याला खालच्या आवाजात विचारलं, कसं? तो म्हणाला, ‘तीन पलीकडे गेला, चिन्ह बदललं, वजा तीन झाला. बाराला वजा तीनने भागलं.’ नियम त्याने इमानेइतबारे पाळला होता. समोरच्या छात्राध्यापकाने ‘चिन्ह नाही बदलत इथे’ असं सांगितलं, म्हणजे नियमाला एक अपवाद चिकटवला. दोन्ही बाजूंना तीनने भागतोय, हे काही शेवटपर्यंत उच्चारलं गेलं नाही. गणितशिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड स्केम्प यांनी १९७६ मध्ये या दोन समजांना वेगळी नावं दिली: एक कसं करायचं एवढंच सांगणारी, साधनापुरती समज, आणि दुसरी कसं व का दोन्ही जाणणारी, संबंध कळलेली समज. पहिली लवकर येते, गुण मिळवून देते, म्हणून तिचा मोह सुटत नाही.

तुम्हाला सूचना पाळायला आवडतात, तर घ्या सूचना. पाठटाचणात एक रकाना वाढवा: ‘मुलं याहून वेगळं काय करतील?’ प्रत्येक उदाहरणासमोर दोन नोंदी सक्तीच्या, त्यांतली एक चुकीची वाट आणि एक बरोबर वाट. वर्गात तिसरीच निघाली तर तास संपल्यावर ती लाल शाईने लिहायची. महिनाभराने हा रकाना मला पाठवा, कापलेल्या गुणांपेक्षा तो जास्त कामाचा ठरेल.

मुलांना शोधू द्यावं, हे मला मनापासून पटतं. स्वतः अभ्यास करतानाही मी तशीच करते. पण वर्गात उभी राहिले की माझ्या शाळेतल्या सरांचा आवाज माझ्या तोंडून निघतो. अगदी ‘लक्ष कुठाय?’ सकट. असं का होतं? – आणखी एक छात्राध्यापिका

कारण त्या सरांकडे तू कित्येक वर्षं उमेदवारी केली आहेस. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये हेच सांगितलं: शिक्षक होणारा माणूस प्रशिक्षणाला येण्याआधी शाळेची सगळी वर्षं शिक्षक बघत बसलेला असतो, फक्त बाकावरून. शिक्षक काय बोलला ते त्याला दिसतं. तेच का बोलला, काय बोलायचं टाळलं, ते दिसत नाही. विचार करायची शैली आणि शिकवायची शैली यांच्यामध्ये ही सवय आडवी पडते. दडपण आलं की आपल्या डोक्यापेक्षा ती आधी बोलते.

उपाय फार नाहीत. परवानगी घेऊन एका पाठाची दहा मिनिटं फोनवर ध्वनिमुद्रित कर आणि घरी फक्त तुझे प्रश्न कागदावर उतरव. ज्यांचं उत्तर एका शब्दात येतं त्यांवर काट मार. उरतील ते प्रश्न तुझे, बाकीचे सरांचे. पहिल्या वेळी माझ्या कागदावर एकच उरला होता, तोही ‘समजलं का सगळ्यांना?’ हा. त्यालाही एका शब्दात उत्तर येतं, हे मैत्रिणीने दाखवून दिलं.

मी प्रबंधासाठी गणिताच्या ४० छात्राध्यापकांकडून दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या: स्टर्नबर्ग यांच्या १३ विचारशैलींची आणि मानसशास्त्रज्ञ ग्राशा यांच्या ५ अध्यापनशैलींची. एकूण ६५ सहसंबंध काढले, त्यांतले ४ लक्षणीय निघाले, सगळ्यात मोठा ०.३४. या चारांवर निष्कर्ष लिहावा का? – एक संशोधक विद्यार्थी

गणिताचे आहात, तर गणितच करू. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती जुळून कमीजास्त होतात ते सांगणारा आकडा, आणि ‘लक्षणीय’ म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा. १३ गुणिले ५, ६५. पाच टक्क्यांच्या पातळीवर तपासताय, म्हणजे प्रत्यक्षात काडीचाही संबंध नसला तरी ६५ पैकी सरासरी सव्वातीन ‘लक्षणीय’ म्हणून हाती लागणार. तुम्हाला ४ लागले. चारांपैकी खरे कुठले आणि योगायोगाचे कुठले, हे तुमच्या तक्त्याकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

आता ०.३४ बघा. ४० जणांच्या नमुन्यात साधारण ०.३१ च्या वर गेलं की आकड्यावर ‘लक्षणीय’ची चांदणी लागते, म्हणजे तुम्ही उंबरठ्यावरच आहात. शिवाय ०.३४ चा वर्ग ०.१२ च्या आत-बाहेर. अध्यापनशैलीतल्या फरकापैकी १२ टक्क्यांच्या आसपास भाग विचारशैलीशी जुळतो, बाकीचा ८८ टक्के कशाशी, त्याबद्दल तुमचा प्रबंध गप्प. वरच्या पत्रातल्या सरांचा आवाज बहुधा त्या ८८ मध्ये असेल. निष्कर्षात ‘प्रभाव पडतो’ हे क्रियापद तर अजिबात नको. सहसंबंधावरून तसं म्हणता येत नाही, हे तुम्हीच पुढे नववी-दहावीच्या मुलांना शिकवणार आहात.

आणखी एक अडचण आकड्यांच्या आधीची आहे. दोन्ही प्रश्नावल्या एकाच माणसाने, एकाच दुपारी, एकाच पेनाने भरल्या. ‘मला माझ्या कल्पनेनुसार काम करायला आवडतं’ याला ज्याने ७ पैकी ६ दिले, तो ‘मी मुलांना स्वतःच्या कल्पना मांडू देतो’ यालाही ६ देणार. यातून आपण स्वतःला कसे बघतो ते कळतं. ग्राशा यांच्या तज्ज्ञ, अधिकारी, आदर्श, सुलभक (मुलांना शिकायला मदत करणारा) आणि काम सोपवणारा या पाच भूमिकांपैकी मी बघितलेले निम्मे छात्राध्यापक स्वतःला सुलभक म्हणवत, आणि तासभर खडू हातातून सोडत नसत.

म्हणजे संबंध नसतोच, असं मी म्हणत नाही. विचारशैलींच्या संशोधक ली-फांग झांग यांच्या शिक्षकांवरच्या अभ्यासांत कल्पकतेकडे झुकणाऱ्या शैली आणि मुलांच्या आकलनाला केंद्रस्थानी ठेवणारं अध्यापन यांचा मेळ दिसतो, आणि चाकोरी जपणाऱ्या शैलींचा माहिती पोचवणाऱ्या अध्यापनाशी. मला वर्गात जे दिसत आलं त्याच्याशी हे ढोबळमानाने जुळतं. पण धागा सैल आहे, आणि अमुक शैलीचा माणूस तमुकच शिकवेल असं सांगण्याइतका तर तो कधीच ताणला जात नाही.

(‘दृश्य विद्यार्थी, श्राव्य विद्यार्थी’, म्हणजे कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, हे प्रकरण प्रबंधात घुसडणार असाल तर थांबा. तो विषय वेगळा. विद्यार्थ्याच्या शैलीला जुळवून शिकवलं की तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आढावा घेऊन दाखवलं आहे.)

काय करता येईल? ४० जणांची माहिती टाकून देऊ नका, ती पार्श्वभूमी म्हणून राहू द्या, आणि ६५ च्या ६५ आकडे छापा, फक्त चांदणीवाले चार नकोत. मग त्यांतले आठ जण निवडा, चार वैधानिक शैलीत वरचे, चार कार्यकारी शैलीत वरचे. सगळ्यांना एकच घटक द्या. अपूर्णांकांचा भागाकार द्या, तिथे कुणालाच लपायला जागा नसते. प्रत्येकाचे दोन पाठ मागच्या बाकावरून बघा, त्यांची प्रश्नावली आधी न उघडता. मोजायच्या गोष्टी तीनच ठेवा: प्रश्नानंतर किती सेकंद थांबला, अनपेक्षित उत्तर आल्यावर त्याच्या तोंडचा पहिला शब्द कोणता, आणि खडू मुलांच्या हातात कितव्या मिनिटाला गेला. पहिला शब्द जसाच्या तसा लिहून घ्या. ‘पण’ किती वेळा येतो ते मला जरूर कळवा.